तबकडीच्या मागची नावे

'गाइड' चित्रपटात वहिदा रेहमानच्या एका नृत्यगीताला जो तबला आहे, तो वाजवला आहे शिवकुमार शर्मांनी. संतूरवाले तेच. 'हरे रामा हरे कृष्णा'मधल्या आशाबाईंच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. हीच व्यक्ती पुढे गझलगायक म्हणून घराघरांत पोहोचली. या गोष्टी जाणकारांना ठाऊक असतात, पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्या शोधून सापडत नाहीत. वादक यायचा, वाजवायचा आणि पैसे घेऊन लोकलने घरी जायचा. नाव संगीतकाराचे आणि गायकाचे.

इंग्लंडातही हीच तऱ्हा होती. जिमी पेज 'लेड झेपलिन'मुळे जगाला कळला, पण त्याआधी काही वर्षे लंडनच्या स्टुडिओंतून तो इतरांच्या तबकड्यांवर भाड्याने गिटार वाजवत असे. जो कॉकरच्या १९६८ मधल्या प्रसिद्ध गाण्यातली गिटार त्याचीच. त्याच वर्षी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने आपल्या एका गाण्यात गिटार वाजवायला मित्राला बोलावले. तो मित्र एरिक क्लॅप्टन. त्याचे नाव कव्हरवर आले नाही. परतफेड म्हणून हॅरिसनने क्लॅप्टनच्या 'क्रीम' या बँडच्या एका गाण्यात वाजवले आणि तिथे 'लांजेलो मिस्तेरिओसो' असे गूढ इटालियन नाव लावले. करार वेगवेगळ्या कंपन्यांशी होते, म्हणून ही लपाछपी. मोठ्या माणसांनी नाव लपवले की पुढे त्याची गंमत होते. लहान वादकाचे नाव राहून गेले, की ते राहूनच जाते.

आज ज्या तबकड्यांबद्दल सांगायचे आहे, त्यांत या इंग्रज गिटारवाल्यांच्या पाठीमागे आपली माणसे बसली आहेत.

पहिले नाव अनिल भागवत. आडनाव ऐकताच मराठी कान टवकारतात. हॅरिसनने १९६५ मध्ये एका गाण्यात सतार वाजवली आणि पुढल्या वर्षी 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीसाठी पूर्ण भारतीय धाटणीचे गाणे रचले. त्यासाठी लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधून वादक आणले. ही संस्था आयन अंगडी या कानडी गृहस्थांची. ११ एप्रिल १९६६ रोजी ॲबी रोड स्टुडिओत तबल्यावर भागवत बसले आणि तबकडीच्या कव्हरवर त्यांचे नाव छापून आले. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचे नाव येणे ही सोपी गोष्ट नव्हती. त्याच गाण्यात सर्कलचे आणखी वादक होते, त्यांची नावे मात्र आली नाहीत.

पुढल्याच वर्षी 'सार्जंट पेपर' आली. त्यातल्या हॅरिसनच्या गाण्यात दिलरुबे आहेत, तानपुरा आहे, तबला आहे. वादकांची नावे कव्हरवर नाहीत. लाखो घरांत ती तबकडी पोचली. पण अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही चार नावे लोकांसमोर यायला पन्नास वर्षे लागली. अर्धे शतक हे चौघे 'भारतीय वादक' एवढेच होते.

आता मुंबईकडे येऊ. हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला, तेव्हा ताजमहाल हॉटेलात 'सॅम वेल्स' या खोट्या नावाने उतरला होता. मिशाही वाढवल्या होत्या. उपयोग झाला नाही, लोकांनी ओळखलेच. पण जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो शिकायला नव्हे, काम करायला. जो मॅसो या दिग्दर्शकाच्या 'वंडरवॉल' चित्रपटाचे संगीत त्याच्याकडे होते. चित्रपटातला प्रत्येक प्रसंग किती सेकंदांचा, हे स्टॉपवॉच लावून त्याने लिहून आणले होते. वय चोवीस.

काम झाले ते फोर्टात, सर फिरोजशाह मेहता रस्त्यावरच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत. तिथे स्टीरिओ मुद्रणाची सोय नव्हती. तेव्हा कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे यंत्र थेट कलकत्त्याहून आणवले. हेच मेनन पुढे अमेरिकेतल्या कॅपिटल रेकॉर्ड्सचे अध्यक्ष झाले. यंत्र आले, पण भिंतींचे काय? खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत यायचा. फोर्टात कचेऱ्या सुटण्याच्या वेळी काय गलका असतो, ते मुंबईकरांना सांगायला नको. ॲबी रोडच्या शांततेत वाढलेल्या माणसाने ते दिवस कसे काढले असतील, याचे मला कौतुक वाटते.

वादक कोण होते? सरोदवर अलाउद्दीन खाँसाहेबांचे नातू आशिष खाँ. तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र. सतारीवर रविशंकरांचे शिष्य शंभू दास आणि आणखी दोघे. तारशहनाईवर विनायक व्होरा. हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद. संतूरवर शिवकुमार शर्मा, त्यांना याच महिन्यात तिसावे वर्ष पुरे होत होते. बासरीसाठी एस. आर. केंकरे. हरिप्रसाद चौरसियाही या मुद्रणांत होते. आकाशवाणीच्या कटक केंद्रातून मुंबईला आलेल्या हरिप्रसादांनी नुकतीच शिवकुमार आणि गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांच्यासोबत 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी केली होती. तिची निर्मिती जी. एन. जोशींची, आपल्या भावगीतांच्या जमान्यातले जोशी, आणि तबला माणिकराव पोपटकरांचा. म्हणजे हॅरिसन आला तेव्हा मुंबईच्या वाद्यसंगीताला ऐन भर होता. त्याला वादक शोधत फिरावे लागले नाही.

'वंडरवॉल म्युझिक' नोव्हेंबर १९६८ मध्ये निघाली. बीटल्सपैकी एकाची ही पहिली स्वतंत्र तबकडी आणि त्यांच्या ॲपल कंपनीची पहिली मोठी तबकडीही तीच. कव्हरवर मुंबईच्या वादकांची नावे आहेत, हे हॅरिसनचे मोठेपण. मात्र ती वाचताना हसू येते. शर्मांचे 'शर्मर' झाले आहे. शहनाईवाल्यांचे आडनाव 'जादेव' असे छापले आहे: शरद आणि हनुमान. मराठी माणसाला हे 'जाधव' असणार, हे कुणी सांगायला हवे का? आमच्यासारख्यांना या चुकांची सवय आहे. कविसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत माझे नाव आजवर चार प्रकारांनी छापून आले आहे आणि प्रत्येक वेळी मी ती पत्रिका जपून ठेवली आहे. चुकीचे का होईना, नाव असले की माग काढता येतो.

आमच्या शहाद्याकडे लग्नसराईत हे रोज दिसते. बँडच्या गाडीवर मालकाचे नाव दिव्यांनी झळकत असते. मिरवणूक नाचवणारा क्लॅरिनेटवाला मात्र 'मास्तर' नाहीतर 'मामू'. हयातभर त्याने गावाला नाचवले, पण त्याचे खरे नाव विचारले तर चार जणांत एकाला सांगता येईल की नाही, शंका आहे.

त्याच जानेवारीत, चित्रपटाचे काम आटोपत आले असताना, हॅरिसनने याच मंडळींकडून आणखी एक चाल वाजवून घेतली. 'द इनर लाइट'. शब्द त्याने लंडनला परतल्यावर फेब्रुवारीत गायले. ते चीनच्या ताओ ते चिंग या ग्रंथावर बेतलेले, आणि तो ग्रंथ सुचवणारे केंब्रिजचे संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो. मार्च १९६८ मध्ये हे गाणे बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला आले. बीटल्सच्या सिंगलवर आलेले हॅरिसनचे हे पहिले गाणे. गंमत अशी, की जगातल्या एका मोठ्या गिटारवादकाच्या या गाण्यात गिटारच नाही. बीटल्सपैकी कुणीही त्यात वाद्य वाजवलेले नाही. जे वाजते ते सारे फोर्टातले: आशिष खाँचा सरोद, हनुमानची शहनाई, हरिप्रसादांची बासरी, मिश्रांचा पखवाज, देसादांचे हार्मोनियम. लेबलवर नाव फक्त 'द बीटल्स'. माझ्या मते बीटल्सच्या भारतीय वळणाच्या गाण्यांत हे सर्वांत नेटके आहे, कारण इथे वाद्ये सजावटीला आणलेली नाहीत. गाणे त्यांच्यावरच उभे आहे. २०१४ मध्ये याच चालीचे दुसरे मुद्रण प्रसिद्ध झाले. त्याच्या सुरुवातीला हॅरिसन वादकांना काही सूचना देताना ऐकू येतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या एका खोलीत क्षणभर डोकावल्यासारखे वाटते.

यॉर्कशायरच्या जॉन मॅक्लॉफ्लिनने वेगळीच वाट काढली. माइल्स डेव्हिसच्या तबकड्यांत पाहुणा म्हणून गिटार वाजवून नाव कमावलेल्या या माणसाने १९७५ च्या सुमारास 'शक्ती' उभी केली, त्यात माहीमचा झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटम् वर विनायकराम. इथे पाहुणा आणि यजमान हा भेदच ठेवला नाही. याच नावाच्या चमूला २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आशिष खाँ गेले आणि डिसेंबरात झाकीरभाई.

राहिला जिमी पेज. १९७२ मध्ये तो आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या एका छोट्या डिस्कोथेकमध्ये ते हौसेने वाजवून-गाऊन गेले. त्याच्या आठवणी तिथल्या मंडळींनी पुढे पुष्कळ सांगितल्या. पण मोठे काम झाले स्टुडिओत. लेड झेपलिनची दोन गाणी, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', मुंबईच्या वादकांना घेऊन त्यांनी पुन्हा मुद्रित केली. दुसरे गाणे लयीला अवघड. कधी पाच मात्रांत, कधी सहा मात्रांत चालते. मूळ मुद्रणात ड्रमवाल्याने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवले होते, त्यावरूनच गाण्याचे नाव पडले. ती मुंबईची टेप त्रेचाळीस वर्षे पेटीत राहिली. चोरट्या प्रती फिरत होत्या, तेवढेच.

२०१५ मध्ये 'कोडा' या तबकडीच्या नव्या आवृत्तीत ही दोन्ही मुद्रणे अधिकृतपणे निघाली. गाण्यांच्या नावापुढे कंसात शब्द आहेत 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. १९७२ साली ज्यांच्या घरातले आजोबा, काका किंवा शेजारी मुंबईच्या स्टुडिओंतून व्हायोलिन, तबला किंवा सारंगी वाजवत असत, त्यांनी ही दोन मुद्रणे एकदा नीट ऐकावीत. घरात जुन्या वह्या असतील, मानधनाच्या पावत्या असतील, एखादे छायाचित्र असेल. कुणाचा हात ओळखू आला, तर तो ऐकणारा आता त्या घरातच सापडेल.