चिखलातून सुटणे आणि ओल्या सडकेवर टिकणे

मोटारगाडीचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक एंजिनापाशी थांबतात. मागच्या आसाच्या मध्यभागी जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. ड्रायव्हर त्याला डिफरन्शियल म्हणतात, मेस्त्री त्यातील क्राऊन-पिनियनविषयी बोलतात, आणि बाकीच्यांना तो बिघडल्यावाचून आठवत नाही. वस्तुतः गाडीने वळणावर नीट वळावे कसे, चिखलातून निघावे कसे आणि पावसात भिजलेल्या डांबरावर आपली रेघ धरून चालावे कसे, या तिन्ही प्रश्नांची गाठ या फुगवट्यात पडते. त्याचा इतिहास पाहावयाचा तो एवढ्यासाठी की, या तीन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडते असे मानणे आपल्या जिवावर बेतू शकते.

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. हिमायतनगर म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचे वाढोणा. उत्तरेस पैनगंगा, भोवताली कापसाची, सोयाबीनची आणि हळदीची काळी शिवारे. नांदेड जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काळ्या मातीचा गुण असा की, पाणी प्याली म्हणजे ती फुगते आणि वाळली म्हणजे भेगाळते. ओली असता ती टायरच्या खाचांत अशी घट्ट बसते की, नवे कोरे टायरही गुळगुळीत होऊन बसते. अशा पाणंदीतून पिकअप गाडी बाहेर काढावयाची आणि लगेच भोकरच्या, हदगावच्या किंवा किनवटच्या सडकेला लावावयाची, हा इथल्या ड्रायव्हरचा पावसाळ्यातला नित्यक्रम आहे. एकाच फेरीत त्याला दोन अगदी निराळ्या जमिनींशी व्यवहार करावा लागतो.

बैलगाडीला डिफरन्शियलची गरज कधी पडली नाही. तिची दोन्ही चाके आसावर मोकळी असतात. आस स्वस्थ राहतो, चाक फिरते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर चालावे लागते. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर गाडी पूर्ण माघारी फिरवताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.४ मीटर अधिक चालते. चाके मोकळी असल्यामुळे ज्याचे त्याने आपले अंतर कापावे, एवढा साधा तो व्यवहार. शिवाय बैलगाडीचे चाक ओढले जाते, ते स्वतः ओढीत नाही. जमिनीशी झुंज असते ती बैलांच्या खुरांची. म्हणून चाक चिखलात रुतले तरी ते जागच्या जागी गरगर फिरत नाही.

वाफेचे एंजिन गाडीवर चढले आणि हा हिशेब बदलला. आता चाकानेच जमिनीला रेटावयाचे. दोन्ही चाके एकाच आसाला पक्की जखडली, तर वळणावर एकाला घासत जावे लागते. मोकळी सोडली, तर ताकद पोहोचत नाही. ही अडचण सोडवली ती पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर या घड्याळे घडविणाऱ्या कारागिराने. १८२७-२८ च्या सुमारास त्याने वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची अशी रचना केली की, दोन्ही चाकांना जोर मिळावा आणि तरीही प्रत्येकाने आपापल्या वेगाने फिरावे. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडात जेम्स स्टार्ले याने तीनचाकी सायकलीसाठी स्वतंत्रपणे तीच वाट शोधली. मोटारगाडी जन्मली तेव्हा ही युक्ती तिला जणू वारशातच मिळाली.

परंतु या युक्तीच्या पोटात एक नियम दडलेला आहे. साधे डिफरन्शियल चाकांचा वेग वेगळा होऊ देते, पण जोर मात्र दोघांना नेहमी सारखाच देते. चिखलात रुतलेली गाडी पाहून पुष्कळांना वाटते की, एक चाक फिरते आणि दुसरे थंड उभे आहे, त्या अर्थी काही तरी मोडले असावे. मोडलेले काही नसते; यंत्र आपला नियम पाळीत असते. उदाहरण घ्या. डावे चाक निसरड्या गाऱ्यात आहे आणि ते केवळ शंभर किलोचा रेटा सोसू शकते. त्याहून अधिक दिला की ते घसरते. उजवे चाक घट्ट मुरमावर आहे आणि चारशे किलोचा रेटा सोसू शकते. तरीही उजव्याला शंभरच मिळणार, कारण वाटणी समान. दोन्ही मिळून दोनशे. गाडी बाहेर काढण्यास तीनशे लागत असतील, तर एंजिन कितीही गरजले तरी गाडी हलणार नाही. दुबळ्या चाकाच्या मापाने सबळ चाकाला वाटा मिळतो, हा समान वाटणीचा परिणाम.

आपल्या रस्त्यांच्या इतिहासाकडेही या ठिकाणी वळले पाहिजे, कारण यंत्राचा दोष रस्त्यावरच उघडा पडतो. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ माणसे घेऊन सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. देशातील सरकारी बससेवांचा तो आरंभ समजतात. पुढे तिचे मार्ग मराठवाड्यातही पसरले. त्याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, १९२७ साली नेमणूक झाल्यावर, असा विचार मांडला की रस्ते हा केवळ स्थानिक मंडळांचा विषय नव्हे. त्यांचा भार साऱ्या देशाने उचलावा. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवर दर गॅलनला दोन आण्यांचा जादा कर बसला आणि मध्यवर्ती रस्तानिधी उभा राहिला. १९४३ मध्ये नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरून वीस वर्षांची रस्तेयोजना आखली गेली. मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा घटक झाला. खेड्यांपर्यंत पक्की सडक नेण्याचे काम मात्र फार सावकाश झाले. केंद्राची ग्रामसडक योजना सुरू झाली तीच मुळी डिसेंबर २००० मध्ये. म्हणजे जवळजवळ सारे शतक इथल्या मोटारीची मुख्य चिंता एकच होती: रुतणार तर नाही ना?

या चिंतेवरचा उपाय मात्र शेतातून आला नाही, तो शर्यतीच्या मैदानातून आला. जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियन कंपनीसाठी आखलेल्या शर्यतीच्या मोटारीचे एंजिन इतके बलवान होते की, ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंत मागचे एक चाक जागच्या जागी भिरभिरत राही. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी झेडएफ या दातेरी चाकांच्या कारखान्याकडून नव्या प्रकारचे डिफरन्शियल करवून घेतले. त्यालाच आज लिमिटेड स्लिप, म्हणजे मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल म्हणतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या हलक्या गाड्यांत हीच कल्पना चिखलासाठी वापरली गेली. १९५६ मध्ये अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने ती साध्या गिऱ्हाइकाच्या मोटारीत आणली, आणि १९५८ मध्ये व्हर्नन ग्लीझमन याने केवळ मळसूत्री दातेरी चाकांवर चालणारा निराळा नमुना काढला. तोच पुढे टॉर्सन या नावाने प्रसिद्ध झाला.

रचना निरनिराळ्या असल्या तरी तत्त्व एकच. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार वेगाने फिरू लागले की आतल्या चकत्या किंवा दाते परस्परांवर घासतात आणि उनाड चाकाचा जोर काढून स्थिर चाकाकडे वळवतात. आपल्या मघाच्या उदाहरणात हे यंत्र सबळ चाकाला दुबळ्याच्या अडीचपट वाटा देणारे असेल, तर डाव्याला शंभर आणि उजव्याला अडीचशे, एकूण साडेतीनशे. तीनशे लागत होते, गाडी निघाली. चिखलाच्या प्रश्नाला दिलेले हे उत्तर अस्सल आहे आणि त्याचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही.

आपल्या देशात हे उत्तर उशिरा पोहोचले. महिंद्रा कंपनीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला; त्या जीपने चिखलाला तोंड दिले ते चारही चाकांना जोर देऊन. २००० मध्ये आलेली बोलेरो आणि तिच्या पाठोपाठच्या मालवाहू पिकअप खेडोपाडी पसरल्या, पण बहुतेक पिकअपांत मागच्या दोन चाकांनाच जोर आणि मध्ये साधे डिफरन्शियल अशीच मांडणी राहिली. त्याच कंपनीच्या २०२० च्या थारमध्ये आणि २०२१ च्या बोलेरो निओच्या एका नमुन्यात ईटन कंपनीच्या रचनेचे आपोआप जखडणारे डिफरन्शियल मिळू लागले. ते लिमिटेड स्लिपचे सख्खे भावंडच म्हणावे. एक चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला सुमारे शंभर फेरे अधिक घेऊ लागले की ते दोन्ही चाकांना एकत्र बांधते. पण गाडीचा वेग ताशी तीसेक किलोमीटरच्या वर गेला म्हणजे ते बांधणीच करीत नाही. बनविणाऱ्यांनी ही मर्यादा मुद्दाम घातली आहे. का घातली, हे समजले म्हणजे या विषयाचे मर्म हाती आले.

टायरची जमिनीवरील पकड ही एकच पुंजी असते. पुढे रेटण्यासाठी, थांबण्यासाठी आणि वळणावर आडवे न घसरण्यासाठी त्याच पुंजीतून खर्च होतो. कोरड्या डांबरावर ही पुंजी भरपूर. चांगले टायर आपल्यावरील भाराच्या सात-आठ दशांश इतका रेटा सोसते. डांबर ओले झाले की ती चार ते सहा दशांशांवर येते, आणि सडकेवर शेतातल्या चाकांनी आणलेला चिखल सांडला असेल तर त्याहूनही पुष्कळ खाली. आता ओल्या वळणावर ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर जोराने दाबला असे समजा. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत आतले हलके झालेले चाक भिरभिरते, त्याची पुंजी संपते. पण बाहेरच्या चाकाला तेवढाच थोडका जोर मिळत असल्यामुळे त्याची बरीचशी पकड आडवा ताण सोसण्यास शिल्लक राहते. गाडीचा मागचा भाग त्या एका चाकाच्या आधाराने रेघ धरून राहतो. लिमिटेड स्लिपच्या गाडीत जोर बाहेरच्या चाकाकडे वळतो. तेही आपली पुंजी पुढे रेटण्यात खर्च करते, आणि दोन्ही चाके एकदम सुटली तर मागचा भाग झटक्यासरशी बाहेर फेकला जातो. जे दुबळेपण चिखलात शाप होते, तेच ओल्या वळणावर राखणदार ठरते!

पिकअपच्या बाबतीत ही गोष्ट अधिक टोकाची होते. तिच्या मागच्या कमानी टनाच्या आसपास माल पेलण्यासाठी घडविलेल्या. एंजिन आणि माणसे मात्र पुढे. हळदीची पोती उतरवून रिकामी परतणारी गाडी मागे हलकी असते, तिच्या ताठ कमानींमुळे चाके उडत राहतात, आणि ज्या चाकांना जोर मिळतो तीच जमिनीला सैल धरून असतात. रिकामी गाडी हलकी म्हणून सोपी, हा समज ओल्या सडकेवर खोटा ठरतो. भरलेल्या गाडीची मागची पकड वाढते हे खरे. पण तिला थांबवावयास जास्त अंतर लागते आणि उंच रचलेला माल वळणावर तिला कलंडवू पाहतो.

याउपर एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कोणतेही डिफरन्शियल एकूण पकड तसूभरही वाढवीत नाही. ते केवळ जोराची वाटणी बदलते. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायर, ब्रेक, भार आणि वेग ठरवितात. पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेगही डिफरन्शियल बदलू शकत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतील नासा संस्थेत विमानाच्या टायरांवर झालेल्या प्रयोगांतून एक ठोकताळा निघाला: हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाणी साचलेल्या सडकेवर झिजलेले टायर ३६ पौंड दाबाला सुमारे ताशी १०० किलोमीटरवर तरंगते, तर २५ पौंडांना ८३ वरच. चिखलातून निघण्यासाठी हवा कमी करणारा ड्रायव्हर सडकेवर आल्यावर ती पुन्हा भरीत नसेल, तर त्याने एका ठिकाणची सोय दुसऱ्या ठिकाणचा धोका करून घेतली. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर चालवू नये हा नियम आहे. पावसाळ्यात त्याहून बरीच अधिक खोली असणे शहाणपणाचे. १९७८ मध्ये चाके न जखडू देणारी ब्रेकरचना आणि १९९५ मध्ये गाडीची दिशा आपोआप सावरणारी विद्युत्-यंत्रणा जर्मनीत मोटारींवर आली, ती नेमकी ओल्या सडकेच्या प्रश्नासाठी. चिखलाचा उपाय वेगळा आणि ओल्या डांबराचा उपाय वेगळा, हे यंत्रशास्त्राने स्वतःच अशा रीतीने मान्य केले आहे.

मग लिमिटेड स्लिप डिफरन्शियल वाईट म्हणावयाचे काय? मुळीच नाही. ज्याला रोज पाणंदीतून माल काढावयाचा आहे, त्याने ते अवश्य घ्यावे. बाजूपट्टीच्या चिखलात एक चाक उतरले असता सावकाश सडकेवर येण्यासही ते उपयोगी पडते. पण ते घेतले म्हणून ओल्या वळणावर ताशी दहा किलोमीटर अधिक वेग परवडतो, असा त्याचा अर्थ करू नये. आज सडका सुधारल्या आहेत, वेग वाढला आहे, आणि पेरणी-वेचणीच्या दिवसांत कायद्याने मना असूनही मजूर बायामाणसे पिकअपच्या हौद्यात उभी राहून जातात. रुतलेली गाडी फार तर अर्धा दिवस खाते. घसरलेल्या गाडीचा हिशेब दिवसांत मांडता येत नाही.

इथल्या मोटारीची शंभर वर्षांची चिंता रुतण्याची होती, म्हणून न रुतणाऱ्या गाडीला आपण चांगली गाडी म्हणू लागलो. ती व्याख्या आता अपुरी पडते. वळणाआधी वेग कमी करावा, वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवावा, टायरांत योग्य हवा असावी आणि माणसे हौद्यात नसावीत, या चार गोष्टी कोणत्याही कारखान्यात बनत नाहीत. पेकरने वेगाची वाटणी सोडवली, पोर्शे यांच्या कारागिरांनी जोराची वाटणी सुधारली. ओल्या सडकेवर वेग आणि पकड यांचा मेळ घालणे मात्र अजून चालविणाऱ्याच्याच हाती आहे.