तळटीप ३ : शेटे-महाजन

३. शेटे-महाजन : पेठेचे वतनदार. गावात पाटील-कुलकर्ण्यांचा जो अधिकार, साधारण तोच पेठेत यांचा. दोघांत शेटे प्रमुख. बाहेरचे वाणी-उदमी आणि कारागीर कौल (अभयाचे लेखी आश्वासन) देऊन आणायचे, त्यांना दुकानांच्या जागा नेमून द्यायच्या, मोहतर्फ्याची (दुकानदार-कारागिरांवरील कराची) वसुली करायची, लढाई-दुष्काळात उजाडलेली पेठ पुन्हा वसवायची, ही त्याची कामे. मोबदला म्हणून दुकानागणिक मालाचा लहानसा हक्क मिळे. महजरांवर (सभेच्या निवाडपत्रांवर) पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू. सही कोणाची हे त्यावरून ओळखावे. नाणेघाटाच्या वाटेवरच्या जुन्नरसारख्या बाजारपेठेत या पदाला वजन असणारच. १६५७ मध्ये शिवाजीराजांनी जुन्नर लुटले, ते या शहरातील संपत्तीसाठीच.

शेट्याला आजच्या नगराध्यक्षाचा पूर्वज ठरवण्याचा मोह काही लेखकांना होतो. ते ओढूनताणून आहे. शेटेपण वंशपरंपरेचे, त्याचा हिस्सा विकताही येई. नगराध्यक्ष निवडून येतो. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार सभेचे अध्यक्षपद त्याच्याकडे, तर दैनंदिन प्रशासन शासननियुक्त मुख्याधिकाऱ्याकडे असते. — संपा.