तळटीप : असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च, जुने गोवे

या चर्चचे प्रवेशद्वार दर्शनी भागाशी विसंगत आहे, असे लेखक म्हणतात. विसंगती खरी, पण ती गवंड्याची चूक नव्हे. आजची इमारत 1661 ची. दार आधीच्या चर्चचे, जे 1521 च्या सुमारास उभे राहिले. नव्या बांधकामात ते जपून बसवले गेले. काळसर दगडातली तीन पाकळ्यांची कमान, दोन्ही बाजूंना दर्यावर्दींचे गोल, वर राजचिन्ह आणि क्रूस: ही राजा मानुएलच्या काळाची शैली, पोर्तुगालमधल्या गॉथिक कलेचे अखेरचे रूप. भोवतीची भिंत मात्र स्तंभांच्या आणि प्रमाणांच्या रोमन शिस्तीत उभी आहे.

गॉथिककडून रोमन शिस्तीकडे जाण्याचे हे स्थित्यंतर चित्रकलेत इटलीत फार आधी घडले. मध्ययुगीन चित्रकार सोनेरी पार्श्वभूमीवर मारिया मोठी आणि भक्त चिमुकला काढत असे. आकार महत्त्वावरून ठरे. जोत्तोने 1305 च्या सुमारास पादुआत माणसांना वजन आणि शोक दिला. मसाच्चोच्या फ्लोरेन्समधील पवित्र त्रैक्याच्या भित्तिचित्रात (सुमारे 1427) छताच्या रेषा एका बिंदूकडे धावतात आणि सपाट भिंतीत खोल दालन दिसते. तिथे गुडघे टेकलेले दाते येशूच्याच मापाचे आहेत. मला हा बदल दृष्टिरेषांच्या गणितापेक्षाही मोठा वाटतो.

चर्चला लागून असलेल्या मठात आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तिकडे जाणाऱ्या वाचकाने आधी या दारापाशी थांबावे.