थोड्या मतांचा मोठा हिशेब

नागरिकशास्त्र शिकवताना मुले आम्हांला हमखास विचारतात, ‘‘सर, एका मताने काय फरक पडतो?’’ उत्तरासाठी लांब जाण्याची गरज नाही. आमचे जुने शहर ज्यात येते, त्या अकोला पश्चिम मतदारसंघाकडे पाहिले तरी पुरे.

गोवर्धन शर्मा १९९५ पासून अकोल्यातून सलग सहा वेळा विधानसभेवर गेले. २०१९ साली त्यांनी साजिद खान पठाण यांना २,५९३ मतांनी हरवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शर्मांचे निधन झाले. पोटनिवडणुकीसाठी २६ एप्रिल २०२४ हा दिवस ठरला होता. पण विधानसभेची मुदत वर्षभरही उरली नसल्याने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. वर्षभर आम्ही आमदाराविना राहिलो. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला. साजिद खान पठाण ८८,७१८, विजय अग्रवाल ८७,४३५. फरक १,२८३. म्हणजे अवघ्या ६४२ मतदारांनी मन बदलले असते तर निकाल फिरला असता. इतके लोक तर एका मोहल्ल्यात राहतात. त्याच दिवशी मालेगाव मध्यमध्ये फरक केवळ १६२ मतांचा होता.

आता अमेरिकेचा एक जुना दाखला. १७९२ साली न्यूयॉर्क राज्यात गव्हर्नरपदासाठी जॉर्ज क्लिंटन आणि जॉन जे यांच्यात लढत झाली. क्लिंटन १०८ मतांनी विजयी ठरले. पण त्याआधी ओत्सेगो, टायोगा आणि क्लिंटन या तीन परगण्यांची मते मोजणी समितीने बाद केली होती. कारण मतदारांची चूक नव्हे, तर मतपेट्या पोहोचवण्याच्या रीतीत निघालेली कायद्याची त्रुटी. जे यांचे समर्थक खवळले. जे यांनी मात्र त्यांना आवरले आणि १७९५ साली ते रीतसर गव्हर्नर झाले.

यातला धडा आम्हा शिक्षकांना अधिक लागू आहे. निवडणुकीच्या कामावर आम्हीच असतो. मोहर, सही आणि नमुना आमच्याच हातून जातो. मत ही लोकांची अमानत आहे आणि आमच्या निष्काळजीपणाने ती बुडता कामा नये.

मतदारांचेही एक कर्तव्य आहे. उर्दू नावे मराठी यादीत उतरताना हमखास बिघडतात. निकालानंतर हळहळण्यापेक्षा आधीच यादी पाहावी, चूक असल्यास नमुना आठ भरावा. नव्याने अठरा वर्षांच्या झालेल्या मुलामुलींनी नमुना सहा भरावा. एका मताचा हिशेब तिथूनच सुरू होतो.