कासवाची नखी

गिटार वाजवणाऱ्याचा खिसा उलटा केला, तर सुट्या नाण्यांबरोबर एकदोन नख्या हमखास पडतील. बदामाच्या आकाराचा, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा प्लॅस्टिकचा तुकडा. हल्लीची मुलं त्याला पिक म्हणतात. सतारियाची नखी तारेची, बोटात घालायची. सरोदियाचा जवा नारळाच्या करवंटीचा. गिटारची नखी चिमटीत धरायची. काम तिन्हींचं एकच, तार छेडण्याचं.

१९७४ साली मी धोबीतलावला एका सरांकडे गिटार शिकायला जाऊ लागलो. सर मूळचे गोव्याचे, तरुणपणी डान्स बँडमध्ये मॅन्डोलिन वाजवलेले. माझी नखी दोन महिन्यांत बोथट व्हायची. त्यांची, तपकिरी आणि मधाच्या रंगाचे ढग असलेली, वर्षानुवर्षं तीच. ‘‘कासवाची आहे बाबा, झिजत नाही,’’ सर म्हणायचे.

नखी झिजते कशी, ते सांगतो. ती तारेवर किंचित तिरपी घासत जाते. गिटारच्या जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते. तिचे वेढे कानशीसारखं काम करतात. त्यामुळे टोक एका बाजूनं उतरतं. मग कडेला सूक्ष्म दाते पडतात आणि स्वराच्या आधी खरखर ऐकू येते. वादक नखी फिरवून दुसरा कोपरा वापरतो. तीनही कोपरे गेले की नखी संपली. जुन्या नख्या पाहून कोण किती तिरपा हात धरतो, हे मी आजही ओळखतो.

सरांची नखी हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या पाठीवरच्या खवल्याची. (आपल्या वेळासला अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले, हे वेगळं.) हा खवला आपल्या नखासारखाच केराटिनचा असतो, चिवट, लवचीक, आणि कड खरखरीत झाली तर घासून पुन्हा गुळगुळीत करता येणारा. शतकानुशतकं त्याचे कंगवे, पेट्या, चष्म्याच्या फ्रेमा झाल्या. त्या मागणीपुढे नख्या किरकोळच. पण बाजार तोच आणि मरणारं कासवही तेच.

पर्याय निघाला तो कासवाच्या दयेपोटी नव्हे. अमेरिकेत जॉन हायॅटनं १८७० साली सेल्युलॉइडचं पेटंट घेतलं, ते बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूला स्वस्त पर्याय शोधताना. पुढे १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये लुईजी द’आंद्रेआ या इटालियन गृहस्थानं कासवाच्या रंगाच्या सेल्युलॉइडच्या पत्र्यातून ठशानं बदाम पाडले. ते पावडरच्या डब्यांच्या सजावटीसाठी होते, नखीचं नंतर सुचलं, असं सांगतात. नखी स्वस्त झाली. पण सेल्युलॉइड लवकर झिजतं, आणि काडी लावली तर भुर्रकन पेटतं. टेबल टेनिसचा जुना चेंडू जाळून पाहिलेल्यांना ते ठाऊक असेल.

काहींनी प्लॅस्टिकचा नादच सोडला. क्वीन बँडचा ब्रायन मे ब्रिटनच्या सहा पेन्सच्या नाण्यानं वाजवतो. (त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला.)

कासवासाठी कायदा यायला १९७० चं दशक उजाडलं. आपला वन्यजीव कायदा १९७२ चा. वॉशिंग्टनचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून अमलात आला. १९७७ पर्यंत सगळीकडची हॉक्सबिल कासवं त्याच्या सर्वांत कडक यादीत गेली. तोवर त्यांची संख्या फार घटली होती. आजही ती अतिसंकटग्रस्तांत मोजली जातात. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या डनलॉप कंपनीनं टॉर्टेक्स नावाची नखी आणली. पदार्थ कृत्रिम, स्पर्श कासवाच्या जवळचा, आणि वर छाप कासवाचा! मी तीच वापरतो, पिवळी, ०.७३ मिलिमीटरची.

सर गेल्यावर त्यांच्या मुलानं ती जुनी नखी मला दाखवली. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. एका कडेला बारीकसा तिरपा उतार होता.