रंधा कोणाच्या हातात?

गेल्या उन्हाळ्यात आमी चार पोरांनी मिळून एक टेबल बनवलं. आमच्या अकोल्याच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासिका आहे, तिच्यासाठी. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. वर्गणी जमली होती, बाजारातून आयतं आणता आलं असतं. पण वस्तीतले मिस्त्री म्हणाले, "पैसे राहू द्या पोट्टेहो, लाकूड आना. मी शिकवतो." लाकूड घासता घासता जे सुचलं, विचारलं, वाचलं ते लिहितो आहे.

आपल्याला देवळाच्या दाराचा इतिहास पाठ आहे. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिथं गाजला. भाषणात आपण हे सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण सुताराच्या पडवीचं दार? तेही आपल्याला बंदच होतं. त्याच्यासाठी सत्याग्रह झाला नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानातही नाही.

गावगाड्यात सुतार बलुतेदार. वखर, तिफण, डवरं, बंडी त्यानं करायची, मोडली तर सांधायची, आणि सुगीला खळ्यावर धान्य न्यायचं. लाकूड बहुतेक बाभळीचं. महाराच्या वाट्याला काय? सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, पाटलाच्या दारी लाकडं फोडायची. म्हणजे लाकूड आमच्या हातात होतंच. पण कुऱ्हाडीपुरतं. कुऱ्हाडीनं सरपण होते, रंध्यानं वस्तू होते. गावानं आमच्या हातात कुऱ्हाड दिली आणि रंधा दिला नाही.

माझा बाप लहानपणी शेतमालकाचा मोडका वखर घेऊन सुताराकडं गेला होता. पोराची जात, समोर वाकस पडलेला, उचलून पाह्यला. सुतारानं मारलं नाही, शिवी दिली नाही. मुकाट्यानं वाकस विस्तवात धरला, मग कामाला लागला. बाप म्हणे, "मारलं असतं त बरं वाटलं असतं." तो सुतार काही धनी नव्हता, बरं का. पाटलाच्या ओट्यावर त्यालाही बसायला मिळत नसे. पण त्याच्या खाली आमी होतो, तेवढं त्याला पुरे होतं.

श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच वाटणी जातीनं केली, हा बाबासाहेबांचा १९३६ चा मुद्दा आपण चर्चासत्रात घोकतो. मला तो त्या विस्तवातल्या वाकसानं समजला. मुंबईच्या गिरण्यांतही हेच. यंत्र नवं, कायदा जुना. विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि तो धोटा बाटे. पगार जास्त त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

आता एक गंमत. जुने सुतार सांधा चिकटवायला सरस वापरत. मिस्त्रींनी जुन्या डब्यातून सरसाचा खडा काढून दाखवला, तपकिरी, काचेसारखा. "हे काय हाय मालूम हाय का?" आमी गप्प. ढोराचं कातडं, हाडं उकळून केलेला चीक! ढोर ओढणारा बाटलेला, कातडं कमावणारा बाटलेला, आणि त्याच कातड्याच्या सरसानं सांधलेली लाकडी वस्तू सोवळ्याच्या घरात. आमी हसलो. मग हसू थांबलं.

टेबल ही मुळात गावगाड्यातली वस्तूच नव्हे. निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. कचेरी, ठेसन, शाळा आली तसं टेबल आलं. टेबलाच्या अलीकडं अर्जदार, पलीकडं साहेब नाहीतर कारकून. आणि शाळेत? खुद्द बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागलं.

तेच बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी नुसत्या शिष्यवृत्त्या मागितल्या नाहीत. सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत आपली पोरं उमेदवार म्हणून घ्या, असंही मागितलं. हे आपल्याकडं फार कमी सांगितलं जाते. १९४५ मध्ये त्यांच्याच खात्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय निघालं. पुढं १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना, म्हणजे आपल्या ओळखीचं आयटीआय. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, आणि १९७३ च्या दुरुस्तीनं त्यात अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा.

आमचे मिस्त्री त्याच सुमाराला आयटीआयतून सुतारकाम शिकले. सुताराच्या घरात न जन्मलेला सुतार. पहिल्याच गिऱ्हाइकानं आडनाव विचारलं आणि दरवाजाचं काम परत घेतलं. कागदावर रंधा मिळाला होता, काम मिळायला आणखी पाच वर्षं लागली.

आमचं शिक्षण सुरू झालं ते फजितीनं. जुन्या दाराची सागवानी चौकट फोडून लाकूड काढलं. मी रंधा जोरात मारला तर ढलपीच उपटून आली. "अबे, लाकडाले बी चाल असते. रेषा कोनीकडं जाते ते पाय आंधी. उलटा चालवसान त असंच उपटन." पायात खाच, आडपट्टीला कुसू. कुसू करवतीनं कापायचं, खाच पटाशीनं कोरायची, दोन्हींचं माप एकच. आमच्या चारपैकी दोन खाचा ढिल्या झाल्या. एका पोरानं खिळा ठोकायला घेतला, तर मिस्त्रींनी हातोडा हिसकला. कुशीत पाचर मारून सांधा घट्ट करायला लावला. एका सांध्यात अख्खा दिवस गेला. आमच्यातला एक एम.ए. आहे. गुण्या लावून काटकोन पाहायला त्याला चार वेळा सांगावं लागलं.

बाप येऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं न विचारता रंधा उचलला, फिरवून पाह्यला, पात्याला अंगठा लावला. कोणी काही बोललं नाही. मग त्यानं एक पट्टी साफ केली, आमच्यापेक्षा सरळ.

टेबल आता अभ्यासिकेत आहे. एक पाय सुतभर आखूड झाला, त्याखाली पुठ्ठा घातलाय. खुर्च्या व्हायच्या आहेत. खुर्चीचा मागचा पाय तिरपा असते, तो कापायचं मिस्त्री पावसाळ्यानंतर शिकवणार आहेत. अमरावतीची दोन पोरं आणि वस्तीतल्या तीन पोरी यायच्या म्हणताहेत. करवती मात्र दोनच आहेत.