मुळशी पेट्यातील भातशेती आणि १९२१ चा सत्याग्रह : भरपाईच्या प्रश्नाच्या अनुषंगाने

मुळशी सत्याग्रहाचा विचार प्रामुख्याने राष्ट्रीय चळवळीचे एक प्रकरण किंवा सेनापती बापटांच्या चरित्राचा भाग म्हणून होत आला आहे. राजेंद्र व्होरा यांच्या २००९ च्या इंग्रजी ग्रंथाने सावकार व कुळे यांच्या हितसंबंधांतील अंतर ठळकपणे पुढे आणले. प्रस्तुत लेखात तोच धागा शेतीच्या अंगाने पुढे नेण्याचा प्रयत्न केला आहे.

मुळा-निळा खोऱ्यातील शेती खाचर, वरकस व रान या तिहींवर उभी होती. तळच्या खाचरात आंबेमोहोर पिके, तर उतारावरील वरकसात नाचणी व वरई. पावसापूर्वी डहाळ्या, पालापाचोळा, शेण व गवत यांचे थर रचून राब भाजला जाई आणि त्या जागी भाताचे रोप वाढवले जाई. खाचराला रान व गुरे लागत, गुरांना भाताचा पेंढा लागे. त्यातही तांदूळ हे घरच्या ताटापेक्षा सारा व कर्ज फेडण्याचे पीक होते. कुळाचे पोट बहुतांशी नाचणीवरच भरे. म्हणून खाचर बुडाले की उरलेले वरकस कागदावर शेत राही, प्रत्यक्षात संसार चालविण्यास अपुरे पडे.

लोणावळा व आंध्र खोऱ्यापाठोपाठ टाटा कंपनीने मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी मुळशीची निवड केली. ५० हून अधिक गावे बाधित होणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीचा बाजारभाव व त्यावर शेकडा १५ अधिक रक्कम देय होती. हा हिशेब एकरांचा होता. राब, चराई व पेंढा यांच्या परस्परावलंबनाला त्यात स्थान नव्हते. शिवाय अनेक जमिनी पुण्यातील सावकारांकडे गेलेल्या असल्याने रोख रकमेचा मोठा वाटा कसणाऱ्याच्या हाती पडणारच नव्हता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची घोषणा या संदर्भात अक्षरशः घ्यावयास हवी. जमीनमालक सावकारांचा कल मात्र वाढीव भरपाईकडे होता. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते कुळांच्या बाजूने उभे राहिले. परंतु या दुफळीने लढ्याची धार बोथट केली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. नेतृत्वाच्या मर्यादांची चर्चा पुष्कळ झाली, जमिनीच्या मालकीची त्या मानाने कमी. डिसेंबर १९२४ मध्ये रेल्वे अडविल्याबद्दल बापटांना ७ वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले आणि पूर्ववाहिनी मुळेचे पाणी कोकणात उतरू लागले.

धरणाबाहेर आंबेमोहोर टिकला, तरी १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून प्रसारित झालेल्या अधिक उत्पन्नाच्या इंद्रायणीने त्याचे क्षेत्र व्यापले. पुढे हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानासाठी तालुक्याच्या पूर्व भागातील शेतजमीन संपादित झाली. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत कूळ, वाटेकरी व शेतमजूर यांचा उल्लेख २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आला. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला.